जुन्या पिकअपची सीट बदलताना आधी केबिन मोजा

जुन्या पिकअपची सीट टोचायला लागली की बहुतेक जण गाडी कुशनवाल्याकडे नेतात आणि एकच सांगतात, ‘फोम जाड टाक.’ चार इंचांची बैठक सहा इंचांची होते, नवं रेक्झिन चकाकतं, दोन दिवस बरं वाटतं. मग स्टिअरिंगची खालची कड मांडीला घासायला लागते, खड्ड्यात टाळू छताला भिडते, क्लच तळापर्यंत दाबताना अख्खा पाय उचलावा लागतो. कंबर आधीपेक्षा जास्त धरते. दोष कुशनवाल्याचा नसतो, कारण त्याला सांगितलं तेच त्याने केलं. टाच, गुडघा, कंबर आणि खांदा यांचं पेडल-स्टिअरिंगपासूनचं अंतर आधी जुळावं लागतं. फोमची पाळी त्यानंतर येते.

महिंद्राची जीप बांधणीची पिकअप असो, टाटा २०७ असो की मॅटाडोर, पद्धत एकच. आकडे मात्र प्रत्येक गाडीचे आणि प्रत्येक चालकाचे वेगळे निघतात, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीत बसलेली सीट तुमच्या गाडीत तशीच बसेल असं धरून चालू नका.

सीटवर खर्च करण्याआधी एक तपासणी करून घ्या. पिकअपचे पाटे (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगा) भरलेल्या गाडीच्या हिशोबाने बनवलेले असतात. मागचा हौदा रिकामा असला की गाडी उडतेच. त्यात टायरमध्ये भरल्या गाडीची हवा तशीच राहिली असेल, शॉकअप तेल गाळत असतील किंवा पाट्यांचे बुश झिजले असतील, तर कुठलीही सीट तो मार झेलू शकत नाही. गाडीचा कोपरा हाताने जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप चांगला. दोन-तीन वेळा डोलत राहिली तर आधी शॉकअप बदला, सीट नंतर.

मापं

जुनी सीट काढा आणि जपून ठेवा. ती फेकू नये यामागे कायद्याचंही कारण आहे, ते पुढे येईल. केबिनची जमीन झाडून घ्या, गंज खरवडून पाहा. पत्रा टोच्याने दाबल्यावर आत जात असेल तर सीटचा विषय थांबवून आधी नवा पत्रा लावून घ्यावा लागेल. सडक्या जमिनीवरची भारी सीट अपघातात चालकासकट सुटते.

जमीन धड असेल तर जाड पुठ्ठा अंथरून बोल्टची भोकं, गिअरचा उंचवटा, हँडब्रेकची जागा आणि दाराची कड पेन्सिलने उतरवून घ्या. हा पुठ्ठ्याचा साचा भंगारवाल्याकडे सोबत न्यायचा. टेपने घेतलेला आकडा विसरतो किंवा चुकतो. साचा सीटखाली सरकवला की बसेल की नाही ते तिथेच कळतं. टेपने तीन मापं मात्र घ्याच: जमिनीपासून छतापर्यंत, केबिनच्या मागच्या पत्र्यापासून स्टिअरिंगच्या चालकाकडच्या कडेपर्यंत, आणि दारापासून गिअरच्या उंचवट्यापर्यंत. दार बंद करून मोजा. आतला पॅड, काचेचं हँडल आणि दाराची मूठ एक-दोन इंच खातात, आणि नेमकी तिथेच सीट अडकते.

आता खोटी सीट मांडा. अठरा इंच बाय अठरा इंचांची प्लायची फळी, खाली विटा, वर जुनी उशी; पाठीला दुसरी फळी. रोज गाडी चालवताना जी चप्पल किंवा बूट घालता तेच घालून बसा, कारण तळव्याच्या अर्ध्या-एक इंचाने गुडघ्याचा कोन बदलतो. विटा कमी-जास्त करत खालच्या गोष्टी जुळवा.

क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट पेडलपासून लांब आहे आणि दिवसभराच्या गाडीत डावी मांडी भरून येणार. मांडी आणि स्टिअरिंगच्या खालच्या कडेत किमान दोन इंच मोकळे हवेत. डोक्यावर आडवी चार बोटं मावली पाहिजेत. शिवाररस्त्यावर चालणाऱ्या गाडीला त्याहून कमी चालत नाही. छाती आणि स्टिअरिंग यांत साधारण दहा इंच. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात लांबवले तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावं. खांदा पुढे ओढावा लागला तर पाठ जास्त कललेली आहे.

बैठकीची पुढची कड मागच्यापेक्षा इंच-दीड इंच वर हवी. सपाट बैठकीवर माणूस ब्रेक मारताना पुढे घसरतो आणि नकळत दिवसभर पायाने स्वतःला मागे रेटत राहतो. रात्री पिंडऱ्या दुखण्याचं मोठं कारण हेच असतं. उलट, पुढची कड फार उंच केली तर गुडघ्यामागची शीर दाबून पायाला मुंग्या येतात. गुडघ्यामागची खोबण आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटं फट ठेवली की बरोबर. ठेंगण्या चालकासाठी यामुळे आखूड बैठक लागते, उंच चालकासाठी लांब. साधारण बांध्याला सतरा ते एकोणीस इंच खोली पुरते.

पाठीचा कल काटकोनापेक्षा दहा ते वीस अंश मागे. पिकअपच्या केबिनला मागे लगेच पत्रा असतो, त्यामुळे एवढा कल मिळवायला सीट पुढे आणावी लागते आणि मग स्टिअरिंग जवळ येतं. इथेच ओढाताण होते. अशा वेळी पाठीचा फोम पातळ ठेवा आणि त्याऐवजी कमरेला आधार द्या: बसल्यावर बैठकीपासून सहा ते नऊ इंचांवर, पट्टा बांधतो त्या उंचीला, एक ते दीड इंचाचा उभार. त्यापेक्षा मोठा उभार सुरुवातीला छान वाटतो आणि तासाभरात खुपायला लागतो.

या मांडणीत वीस मिनिटं बसून राहा. पाच मिनिटांत सगळ्याच सीट चांगल्या वाटतात. मग विटांची उंची, फळीचं अंतर आणि कल लिहून ठेवा. उंची कायम माणूस बसलेला असताना मोजायची, कारण नवी बैठक भाराखाली इंच-दीड इंच दबते. समजा तुम्हाला बसल्यावर तेरा इंच हवेत. मिळालेली सीट रेलसकट (रेल म्हणजे सीट ज्यावर मागेपुढे सरकते त्या पट्ट्या) बारा इंच असून एक इंच दबते. म्हणजे हाती अकरा येतात आणि खाली दोन इंचांचा पाया लागतो. हे गणित आधी मांडलं की दुकानातला गोंधळ अर्धा कमी होतो.

कोणती सीट घ्यावी

तीन वाटा आहेत: मूळ सीटचा सांगाडा ठेवून नव्याने भरणं, दुसऱ्या गाडीची जुनी सीट बसवणं, किंवा बाजारात मिळणारी नवी तयार सीट. सांगाडा सरळ असेल आणि जागा अरुंद असेल तर पहिली वाट सर्वांत चांगली. भोकं जुळतात, कागद जुळतात, गाडीचं रूपही राहतं. सांगाड्यातल्या नागमोडी स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील तर त्या बदलता येतात. बैठक मध्येच खोल जाते तेव्हा फोमच्या आधी या स्प्रिंगांची टोकं तपासा. बहुतेक वेळा एखादी टोकाच्या आकड्यातून सुटलेली असते.

दुसऱ्या गाडीची सीट घ्यायची तर मारुती ८०० आणि ओम्नीच्या सीट हलक्या, अरुंद असतात. जीप बांधणीच्या अरुंद केबिनला त्या बसतात, पण धिप्पाड माणसाला मांडीखाली आधार अपुरा पडतो. सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओच्या सीट भरभक्कम असतात आणि बसण्याची ढबही पिकअपसारखी उंच असते. रुंदी मात्र साच्यावर ठेवून पाहावी. कारच्या बऱ्याच सीटना एक अडचण असते. दोन्ही बाजूंचे पाय सारख्या उंचीचे नसतात, कारण कारची जमीन दाराकडे आणि मधल्या उंचवट्याकडे वेगळी असते. अशी सीट सपाट जमिनीवर वॉशर रचून बसवलेली बऱ्याच गाड्यांत दिसते. ते करू नका. वॉशरच्या उतरंडीवर बोल्ट वाकतो आणि एक दिवस तुटतो. खाली पाया बनवावाच लागेल.

जुनी सीट घेताना ती उलटी करून पाहा. सपाट फरशीवर ठेवा. चारही पाय टेकले पाहिजेत. एक पाय अधांतरी असेल तर सांगाडा अपघातात पिळला गेलेला आहे, कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. रेल मागेपुढे करा, दोन्ही बाजूंची कडी एकदम बसते का बघा. एकच बाजू अडकत असेल तर ब्रेक मारताना सीट तिरकी होते. पाठ धरून हलवा. बिजागरीत खडखड असेल तर ती वाढतच जाते. फोम चिमटीत दाबा. पिवळी भुकटी पडली तर फोम संपलेला आहे. कुबट वास आणि स्प्रिंगांवर एकसारखा गंज म्हणजे सीट पाण्यात राहिलेली. पाठीच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅगची खूण किंवा खालून पिवळं कनेक्टर लोंबत असेल तर ती सीट घेऊच नका. त्यात न फुटलेली एअरबॅग असू शकते आणि कुशनवाल्याच्या हातात ती उडण्याचा धोका असतो.

फोम

बाजारात फोम ‘डेन्सिटी’च्या आकड्याने विकला जातो. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. हा आकडा टिकाऊपणा सांगतो, मऊ-कडकपणा नाही. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. म्हणून आकडा विचारा आणि तळहाताने दाबूनही पाहा.

फसवणूक टाळायला वजनकाटा पुरतो. वीस बाय वीस इंचांचा, चार इंच जाडीचा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर साधारण १ किलो ५० ग्रॅम भरतो. ३२ डेन्सिटीचा असेल तर साधारण ८४० ग्रॅम. ४० म्हणून दिलेला तुकडा ८०० ग्रॅम भरला तर तो ४० नाही, आणि रोज बसून सहा-आठ महिन्यांत त्याचा पापड होणार.

बैठकीसाठी थर असे लावा. तळाला एक इंच रिबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून बनवलेला रंगीबेरंगी कडक फोम, ८० ते १०० डेन्सिटीचा. त्यावर ४० डेन्सिटीचा दोन ते अडीच इंच. सगळ्यात वर अर्धा ते एक इंच मऊ थर. तळचा कडक थर खड्ड्यात हाड पत्र्याला लागू देत नाही, मधला वजन पेलतो, वरचा फक्त टोचणं काढतो. स्प्रिंगांवर थेट फोम ठेवू नका. मध्ये गोणपाट किंवा जाड नमदा घाला, नाहीतर तार फोम कापत जाते. पाठीला ३२ डेन्सिटीचा दोन इंच पुरतो, तिथे भार कमी असतो.

सोफ्यासारखी मऊ बैठक पिकअपला का चालत नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. रिकाम्या गाडीचे पाटे भराभर झटके देतात. मऊ, जाड बैठक त्या झटक्यांच्या तालात राहत नाही. गाडी खाली जाते तेव्हा माणूस वर असतो. पाय पेडलवरून सुटतो, हात स्टिअरिंगला लोंबकळतात. चांदसैली किंवा कन्नडच्या घाटात वळणावर हे घडणं धोक्याचं आहे. घाटाने नेहमी जाणाऱ्यांनी बैठकीच्या दोन्ही कडांना इंचभर कडक उभार घ्यावा, म्हणजे वळणावर शरीर सावरायला दार धरावं लागत नाही. दिवसात चाळीस वेळा चढउतार करणाऱ्याने मात्र दाराकडचा उभार कमी ठेवावा. तिथलं कापड सगळ्यात आधी फाटतं.

काथ्याच्या जुन्या गाद्या अजून कुठे कुठे सापडतात. त्यात हवा खेळते, उन्हाळ्यात खरंच बरं वाटतं. पण काथ्या दबला की परत उठत नाही. मूळ रूप राखायचं असेल तरच तो ठेवा आणि त्यावर इंचभर फोम द्या.

थर चिकटवायला एसआर, म्हणजे सिंथेटिक रबराचं ॲडहेसिव्ह वापरतात. दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच दाबायचं. मे महिन्यात भर दुपारी हे काम काढू नका. लावता लावता सुकतं आणि पकड येत नाही. सकाळी करा. बसायच्या मधल्या भागात ॲडहेसिव्ह कमी, कडांना जास्त, कारण सुकलेला थर कडक होऊन मधे टोचतो.

कापड

जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा काच बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीतलं काळं रेक्झिन हात लावू देत नाही. त्यावर घाम शोषला जात नाही, पाठ चिंब होते आणि ओल्या कातडीला शिवण घासून पुळ्या येतात. कापडी कव्हर किंवा बारीक छिद्रांचं फिक्या रंगाचं रेक्झिन या भागात जास्त सुखाचं.

पण रावेर, यावल, सावदा भागात केळी वाहणाऱ्यांनी कापडाचा विचार वेगळा करावा. केळीच्या चिकाचा डाग कापडावर पडला की आधी दिसत नाही, वाळल्यावर तपकिरी-काळा होतो आणि मग कशानेही निघत नाही. काळ्या मातीचा चिखलही कापडात मुरतो. तिथे खाली साधं पुसता येणारं रेक्झिन आणि वर नाडीने बांधायची जाड सुती कॅनव्हासची दोन कव्हरं, एक धुण्यात आणि एक वापरात, ही जोडी सगळ्यात टिकते. रंग गडद तपकिरी घ्या.

शिवणीला पॉलिस्टर किंवा नायलॉनचा दोरा सांगा. सुती दोरा घामाने कुजतो. रेक्झिनला इंचात पाच-सहा टाके पुरे. फार बारीक टाके घातले तर भोकांची रांग तिकिटासारखी फाटते. पाइपिंग कडेला शोभतं, पण मांडी आणि बुड जिथे टेकतं तिथून आडवी शिवण किंवा पाइपिंग जाऊ देऊ नका. बैठकीचा तळ कापडाने बंद करून घ्या. धान्य-कपाशी वाहणाऱ्या गाडीत उंदीर खालूनच फोममध्ये शिरतो.

बसवणं

पहिली गोष्ट टाकीची. विलीस घडणीच्या जीपमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या सीटखाली असते. तिथे ड्रिल किंवा वेल्डिंग करायचं असेल तर टाकी पूर्ण काढून लांब ठेवा. रिकामी केली एवढ्यावर भागत नाही, उरलेल्या वाफेनेही भडका होतो. बॅटरीची वायरही काढा. बरं तर हेच की पाया गाडीबाहेर वेल्ड करून आणायचा आणि आत फक्त बोल्ट कसायचे.

पायासाठी ५० बाय २५ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा आयताकृती पाइप उभा वापरला तर दोन इंच उंची मिळते. पोकळ पाइपातून बोल्ट आरपार नेऊन कसला की पाइप दबतो आणि महिन्याभरात बोल्ट ढिला होतो. म्हणून प्रत्येक भोकात जाड नळीचा तुकडा बसवून वेल्ड करा. पाया शक्यतो मूळ भोकांवरच येईल असा बनवा. नवं भोक पाडावंच लागलं तर जमिनीच्या खालून तीन मिलिमीटर जाडीची, दोन बाय तीन इंचांची पट्टी लावा, कोपरे गोल घासून. नुसत्या वॉशरवर ताण आला तर पातळ पत्रा फाडून बोल्ट वर येतो. बोल्ट १० मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ खूण असलेले, नायलॉक नटासह (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज ढिला न होणारा नट); टॉर्क रेंच, म्हणजे कसण्याचा जोर मोजणारा पाना, असेल तर साधारण ४५ न्यूटन-मीटर. पत्र्याचे स्क्रू इथे अजिबात नकोत. वेल्ड झालेल्या पायाला रेड ऑक्साइड आणि वर रंग.

कसण्याआधी सीटचा मध्य आणि स्टिअरिंगचा मध्य दोरीने जुळवा. एक इंचाहून जास्त फरक राहिला तर कंबर पिळून बसावं लागतं आणि त्यावर कुठलाही फोम औषध नाही. सायलेन्सर किंवा गिअरबॉक्सची धग जमिनीतून येत असेल तर सीटखाली नमद्याचा थर टाका. रेलच्या मार्गात तो येऊ देऊ नका.

सीटबेल्टची टोकं गाडीच्या मजबूत भागाला, खाली पट्टी देऊनच लावा. काही सीटचं बकल सीटच्याच सांगाड्याला असतं. तेव्हा अपघातात तुमचा भार सीटच्या चार बोल्टवर येतो, म्हणून पाया आणि पट्ट्या यांत काटकसर नको. कमरेचा पट्टा पोटावर न येता कंबरेच्या हाडावर बसला पाहिजे. सीट उंच केली की हा कोन बदलतो, तो पुन्हा पाहा. डोक्याच्या आधाराची वरची कड कानाच्या वरच्या टोकाइतकी तरी हवी.

कागद

तिघांचा बाक काढून दोन स्वतंत्र सीट लावल्या की आरसी पुस्तकातली आसनक्षमता आणि गाडी जुळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदीतल्या तपशिलाला छेद देणाऱ्या बदलांना मनाई करतं. गाडी एमएच-१९, १८ किंवा ३९ ची (जळगाव, धुळे किंवा नंदुरबारची) असो, असा बदल करण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात विचारून मंजुरी घ्या. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस लागतो, तेव्हा हा प्रश्न समोर येतोच.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली खासगी गाडी असेल तर आणखी जपा. जुलै २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो, पण ती मूळ रूपात असावी लागते, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठे बदल झालेले चालत नाहीत, आणि नंतर ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला काढता येत नाही. त्या गाडीत मूळ सांगाडाच भरून घ्या. दुसरी सीट लावायचीच असेल तर एकही नवं भोक न पाडता, मूळ भोकांवरच्या पायावर लावा. मूळ सीट कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच, उंदरांपासून लांब ठेवा.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा कसून घ्या; रंगाचा थर दबल्याने ते थोडे ढिले होतातच. महिन्याने बसल्यानंतरची उंची परत मोजा. अर्ध्या इंचापर्यंत फरक पडला तर ठीक, फोम बसला. त्याहून जास्त पडला तर बैठक उघडून मधला थर काट्यावर ठेवा.